गिटार शोमध्ये जुन्या गिटारी बघायच्या म्हणजे नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याहून डॅलसला येऊन तुम्हाला दोन वर्षं झाली. मुलगा सोळाचा, त्याला इलेक्ट्रिक गिटारचं वेड. वसंतात इथे भरणाऱ्या गिटार शोला तो तुम्हाला ओढून नेणार आहे. घ्यायचं काही नाही. पण साठ-सत्तर वर्षांच्या लाकडाला लोक बंगल्याची किंमत का मोजतात, आर्चटॉप म्हणतात ती कोणती, आणि टेबलापाशी उभं राहून बघायचं काय, हे तुम्हाला हवंय.

मी गिटारी दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. मूळचा मिरजेचा. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून शाळेत जायचो, त्यामुळे तबली (वाद्याची वरची फळी), घोडी (तारा जिच्यावरून जातात ती), सरस (लाकूड जोडायचा चिकटा) हे शब्द गिटारच्या आधी कानावर पडलेले. उत्तरात ते येतील, चालवून घ्या.

पहिली सूचना वेळेची. दार उघडल्या उघडल्या आत शिरा. डॅलसचा हा मेळा १९७८ पासून भरतोय आणि तेव्हापासूनचा अलिखित नियम असा की पहिला तास बघणाऱ्यांचा, पुढचा सगळा वाजवणाऱ्यांचा. अकरा वाजले की टेबलागणिक एकेक छोटा अ‍ॅम्प सुरू होतो, प्रत्येकापुढे एकेक पोरगा, आणि सगळे मिळून तीच चार-पाच गाणी वेगवेगळ्या पट्टीत वाजवतात. गणपतीच्या आदल्या संध्याकाळची तुळशीबाग डोळ्यांपुढे आणा. त्या गलक्यात इलेक्ट्रिक गिटार निदान दिसते तरी, आर्चटॉप ना दिसते ना ऐकू येते. म्हणून सकाळचा वेळ आर्चटॉपला द्या.

मुलगा आत पाऊल टाकताच काचेच्या कपाटातल्या लेस पॉल नावाच्या इलेक्ट्रिक गिटारकडे धावेल. धावू दे. तुम्ही कडेच्या रांगांमधून चाला. साठी उलटलेले दोघे-तिघे खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेत, पुढे मोठ्या पोटाच्या, व्हायोलिनसारख्या छिद्रांच्या गिटारी उभ्या आहेत आणि गर्दी शून्य, असं टेबल दिसलं की थांबा.

आर्चटॉप ओळखायची ती बाजूने. साध्या अकूस्टिक गिटारची तबली सपाट फळीची असते. हिची घुमटासारखी फुगीर, आणि ती वाकवून फुगवलेली नाही. स्प्रूसच्या जाड फळीतून पटाशी आणि छोट्या रंध्याने कोरून काढलेली. मध्ये जाड, कडेकडे पातळ. पाठ मेपलची, तीही बहुधा तशीच कोरलेली. तारा घोडीत अडकवलेल्या नसतात. घोडीवरून पुढे जाऊन शेपटाकडच्या धातूच्या टेलपीसला बांधतात. घोडी आपल्या सतारीसारखी निव्वळ तारांच्या दाबावर उभी. सगळ्या तारा एकदम सोडल्या की ती हातात येते. (नवशिके हे एकदा करतात. मग घोडी परत नेमकी कुठे होती ते शोधत दुपार जाते.)

एवढी खटपट कशासाठी? माइक आणि अ‍ॅम्प नव्हते म्हणून. १९२०-३० च्या दशकांतल्या नाचाच्या बँडमध्ये गिटारवाला ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या रांगेत बसायचा. सपाट तबलीचा गोड, लांबणारा नाद तिथे बुडून जाई. तिथे हवा होता ठोका, झटकन उमटून झटकन विरणारा. मिशिगनमधल्या कॅलमझू गावी गिब्सनच्या कारखान्यात लॉइड लोर नावाचा गृहस्थ होता, स्वतः मँडोलिन वाजवणारा. व्हायोलिनची छिद्रं आणि कोरीव तबलीच्या पोटाला दोन समांतर पट्ट्या असं सगळं त्याने गिटारवर आणलं, आणि १९२२ मध्ये एल-५ बाजारात आली. लोर १९२४ च्या अखेरीस गिब्सन सोडून गेला. त्यामुळे त्याच्या सहीचं लेबल आत असलेल्या एल-५ मोजक्याच. तशी एखादी दिसली तर विक्रेत्याला विचारून छिद्रातून आत डोकवा. सही आणि तारीख नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

पुढे सुरू झाली आकाराची चढाओढ. एल-५ सोळा इंच रुंद होती, ती तिशीच्या मध्यावर सतरा झाली. १९३४ मध्ये गिब्सनने अठरा इंची सुपर ४०० काढली. किंमत चारशे डॉलर, नावातच लिहिलेली, आणि काळ महामंदीचा! बॉस्टनच्या स्ट्रॉम्बर्ग बापलेकांनी मास्टर ४०० एकोणीस इंचांपर्यंत नेली. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन दर मात्रेला एक असा जो शांत ठोका देत राहायचा, त्यात ही स्ट्रॉम्बर्ग बरीच वर्षं होती. अशी गिटार मांडीवर घेतली की आपण तिच्यामागे लपतोच.

पण आर्चटॉपच्या टेबलावर लोक ज्या नावाला आवाज खाली आणतात ते डी'अँजेलिको. जॉन डी'अँजेलिकोने १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत, केनमेअर स्ट्रीटवर दुकान टाकलं आणि १९६४ मध्ये मरेपर्यंत तिथेच एक-दोन मदतनिसांच्या जोरावर काम केलं. त्याच्या क्रमांकित आर्चटॉप मोजून १,१६४. कुठली गिटार कुणासाठी केली हे तो वहीत लिहून ठेवायचा, आणि त्या वह्या शिल्लक आहेत. त्याची न्यूयॉर्कर बघताना टेलपीसकडे बघा. पायऱ्या-पायऱ्यांचा पितळी तुकडा, त्या काळच्या गगनचुंबी इमारतींच्या माथ्यासारखा. हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या डोक्यावरच्या) शिंपल्याच्या जडावातही तीच इमारत. मोठ्या कारखान्याच्या मानाने याच्या कामात बारीक उणं-अधिक सापडतं. दोन छिद्रं अगदी तंतोतंत सारखी नसतात, बाइंडिंगची, म्हणजे कडेच्या पट्टीची, रुंदी कुठेतरी केसभर बदलते. मला ते आवडतं. हात दिसतो. त्याचा शिष्य जिमी डॅक्विस्टोने दुकान पुढे चालवलं आणि शेवटी शेवटी गुरूपेक्षा वेगळ्याच वाटेने गेला. गुरू-शिष्य दोघेही एकोणसाठाव्या वर्षी गेले. या धंद्यातले लोक साठीला आले की ही गोष्ट हळूच सांगतात.

आता हातात घेतल्यावर काय करायचं ते. आधी परवानगी. मग बसून घ्या, आणि एखादा साधा कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) छेडताना कान गिटारच्या वरच्या कडेला टेका. हो, टेकाच. लाजायचं कारण नाही, तिथले म्हातारे हेच करतात. हॉलमध्ये कितीही गलका असो, लाकडातून येणारा आवाज थेट हाडात उतरतो. चांगली आर्चटॉप जोरात असतेच असं नाही, पण सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. कॉर्डचा चिखल होत नाही.

मग घोडीचा पाया बघा. फुगीर तबलीवर तो कडेपासून कडेपर्यंत टेकला पाहिजे. माझ्या बाकावर येणाऱ्या दर तीन आर्चटॉपमागे एकीला हाच रोग असतो. कुणीतरी नवीन घोडी आणून तशीच बसवलेली, दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये फट. व्हिजिटिंग कार्डाची कड घोडीखाली सरकवून बघा (विचारून). आत गेली तर गिटारचा अर्धा आवाज त्या फटीत अडकलाय. उपाय साधा. तबलीवर पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवायचा आणि घोडी त्यावर मागेपुढे घासत राहायची, तबलीचा घुमट पायाला उमटेपर्यंत. तास-दीड तासाचं काम. मिरजेत सतारीच्या घोडीचा माथा घासून जवारी लावणारे बोटाने चाचपून, कानाने ऐकून जे करतात त्याचाच हा लांबचा भाऊ. आमच्या कामात जीव घोडीच्या तळाशी आणि त्यांच्या कामात माथ्याशी, एवढाच फरक.

तिसरी गोष्ट नाकाने बघायची. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. जुन्या आर्चटॉपची कासवाच्या पाठीसारखी दिसणारी पिकगार्ड (तबलीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी), कडेच्या पट्ट्या, कधी खुंट्यांची टोकं, हे सगळं सेल्युलॉइड. म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. काही दशकांनी ते आतून सडायला लागतं आणि आम्लाचा वायू सोडतं. पेटी बंद असली तर वायू आतच कोंडतो. मागे एक चाळिशीच्या दशकातली आर्चटॉप दुरुस्तीला आली. मालकाच्या आजोबांनी जपून, कुलूपबंद ठेवलेली. पेटी उघडली आणि आंबूस, नाकात चढणारा, कापराची झाक असलेला दर्प आला. पिकगार्ड हातात घेतली तर खारी बिस्किटासारखी चुरा झाली. तिच्या शेजारच्या तारा गंजून तुटलेल्या, टेलपीसचा सोन्याचा मुलामा हिरवा, आणि फ्रेट (सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या पट्ट्या) काळवंडलेले, तेही पिकगार्डलगतच्या बाजूचेच. नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, दुसऱ्या टोकाचे फ्रेट चकचकीत. न वाजवता, न हाताळता, निव्वळ जपून तिचं वाटोळं झालं होतं. तेव्हा शोमध्ये कुणी पेटी उघडली की पहिला श्वास वाया घालवू नका. आणि ज्या जुन्या गिटारवर मूळ पिकगार्ड धडधाकट आहे तिच्याकडे दुसऱ्यांदा बघा. काही शहाणे विक्रेते सडायला लागलेली मूळ पिकगार्ड वेगळ्या पाकिटात, पेटीबाहेर ठेवतात आणि गिटारवर नवी लावतात. त्यात फसवणूक नाही, ती काळजी आहे.

अ‍ॅम्प आल्यावर याच आर्चटॉपच्या पोटात पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारं चुंबक आणि कॉइल) शिरलं, आणि इथे तुमच्या टेक्ससचा संबंध येतो. गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० काढली. गिटार आणि अ‍ॅम्प मिळून दीडशे डॉलरच्या आसपास, म्हणून तो आकडा. डॅलसच्या ईशान्येला बॉनम गाव आहे, तिथे जन्मलेला चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये हीच गिटार घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये शिरला आणि गिटारवाला मागच्या रांगेतून पुढे आला. १९४२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने गेला. टेबलावर ईएस-१५० दिसली तर तबलीवरचे तीन स्क्रू बघा. त्यांच्यावर पोटातले जड लोहचुंबक टांगलेले असतात आणि बाहेर फक्त पोलादाची एक पातळ पट्टी दिसते. तबली त्या वजनाने दबते, नाद कमी होतो. तरी ते पिकअप आजही लोक त्याच्या नावाने ओळखतात. डॅलसमध्येच वाढलेला टी-बोन वॉकर पुढे तीन पिकअपांची ईएस-५ वाजवायचा. १९४९ च्या ईएस-१७५ मध्ये गिब्सनने कोरीव काम सोडून प्लायवूडची तबली साच्यात दाबून काढली. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण अ‍ॅम्पवर ती शिट्टी कमी मारते आणि जॅझवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

जाता जाता एक. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतासाठी मांडीवर आडवी घेतली ती आर्चटॉपच, आणि विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेचं पोटही आर्चटॉपचंच. त्यामुळे कडेच्या टेबलावरच्या एखाद्या आजोबांनी "तुमच्याकडे ही कोण वाजवतं?" विचारलं तर गप्प बसू नका.

आता मुलाचा विभाग. फेंडरच्या गिटारी समजायला सोप्या आणि फसायलाही सोप्या, कारण एकच. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतः गिटार वाजवत नव्हता. त्याने गिटार यंत्रासारखी आखली. नेक चार स्क्रूंनी बसवलेला, सगळी विद्युत जोडणी एका पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर, काहीही बिघडलं की काढून दुसरं बसवा. १९५० च्या ब्रॉडकास्टरचं नाव पुढच्या वर्षी टेलिकास्टर झालं, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. सत्तर वर्षांत प्रत्येक भाग कुणी ना कुणी बदललेला असू शकतो. म्हणून फेंडरची तारीख एका जागी नसते. नेकच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली (१९६२ पासून शिक्का), पिकअपखाली, आणि व्हॉल्यूमच्या पॉटवर (बटणाखालच्या विजेच्या भागावर) खोदलेली. पॉटवर ३०४६३२० असं दिसलं तर ३०४ हा स्टॅकपोल कंपनीचा आकडा, ६३ वर्ष, २० आठवडा. म्हणजे गिटार १९६३ च्या विसाव्या आठवड्याआधीची नाही, एवढंच सिद्ध होतं. १९६६ चे पॉट कारखान्याने इतके घेऊन ठेवले होते की ते नंतरची काही वर्षं निघत राहिले. स्टीव्ही रे वॉन, डॅलसच्या ओक क्लिफचा, आपल्या लाडक्या स्ट्रॅटला (स्ट्रॅटोकास्टरला) ५९ ची म्हणायचा कारण पिकअप तेव्हाचे होते. नेक आणि बॉडी १९६२-६३ च्या.

लोक "सीबीएसच्या आधीची" म्हणतात ते याचसाठी ऐकून ठेवा. जानेवारी १९६५ मध्ये लिओने कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. दुसऱ्याच दिवशी गिटारी बिघडल्या असं काही झालं नाही, १९६५ ची एखादी स्ट्रॅट ६४ च्या तोडीची असते. पण बाजाराला रेघ लागते आणि ती तिथे पडली आहे. मुलगा नुसता वाजवणारा असेल तर त्याला सांगा, रेघेच्या आधीची गिटार पैसेवाल्यांची आणि नंतरची वाजवणाऱ्यांची.

माझी स्वतःची फजिती सांगतो. या धंद्यात नवा होतो तेव्हा एका शोमध्ये १९६३ ची फिएस्टा रेड स्ट्रॅट घेतली. हे रंग म्हणजे मोटारींचे, ड्यूपाँट कंपनीचे, पाच टक्के जास्त मोजून मिळायचे, आणि आज त्याच पाच टक्क्यांची किंमत दुप्पट होऊन बसते. नेक खरा, पिकअप खरे, पॉट खरे. रंगही छान झिजलेला. घरी येऊन पिकगार्ड उघडली. त्या काळी फेंडरमध्ये बॉडीला चार बारीक खिळे ठोकून, त्यांवर ती टेकवून रंग मारत आणि वाळल्यावर खिळे उपसत. खिळ्याचं भोक त्यामुळे कोरं, आत पिवळं लाकूड दिसायला हवं. माझ्या गिटारच्या भोकांत लाल रंग उतरलेला होता. म्हणजे खिळे गेल्यावर कुणीतरी पुन्हा रंगवली होती. विक्रेत्याला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. मी पिकगार्ड उघडायला सांगितलंच नाही, हा दोष माझा. तेवढ्या दोन मिनिटांच्या संकोचाची किंमत मी तीन वर्षं फेडली. ती गिटार अजून माझ्याकडे आहे, वाजते मात्र सुंदर.

तुम्हाला काही घ्यायचं नाही, तरी एक मजा करा. शोमध्ये कुणी ना कुणी स्ट्रॅटचा नेक खोलून टेबलावर ठेवलेला असतोच, ग्राहकाला तारीख दाखवायला. मुलाला तिथे न्या. कारखान्यातल्या कुणा कामगाराच्या अक्षरातले ते पेन्सिलीचे आकडे त्याने एकदा जवळून बघू देत.

झिजेबद्दल. जुनं नायट्रोसेल्युलोजचं लॅकर थंडीत आकसतं आणि त्याला बारीक रेघा जातात. खऱ्या रेघा वेड्यावाकड्या, कुठे दाट कुठे विरळ, आणि नख फिरवलं तर जेमतेम लागतात. ब्लेडने पाडलेल्या रेघा सरळ, समांतर, नखाला अडकतात. हाताची झीज बघताना स्वतः गिटार धरल्यासारखे उभे राहा आणि कोपर कुठे येतं, अंगठा कुठे घासतो ते ताडून बघा. जिथे माणसाचं अंग पोचतच नाही तिथे लाकूड उघडं पडलं असेल तर प्रश्न विचारा. १९९५ च्या सुमारास फेंडरने स्वतःच मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी विकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. अनेकांच्या खिशात जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी असते. त्या प्रकाशात जुनं लॅकर पिवळसर-हिरवट उजळतं, आणि नंतर मारलेला हात काळपट डागासारखा उमटतो.

आणि काचेच्या कपाटातली ती लेस पॉल. गिब्सनने १९५२ मध्ये ती सोनेरी रंगात आणली. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत कडेला लाल, मध्ये पिवळा असा सनबर्स्ट दिला, ज्यातून मेपलच्या आडव्या ज्वाळा दिसतात. दीड हजाराच्या आसपास झाल्या असाव्यात. तेव्हा दर अडीचशे डॉलरच्या आसपास, आणि खपेना. १९६१ मध्ये गिब्सनने आकारच बदलून टाकला. मग साठीच्या मध्यावर इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टनसारख्या पोरांनी जुन्या लेस पॉल मोठ्या अ‍ॅम्पला जोडल्या आणि सगळ्यांना त्याच हव्या झाल्या. आज त्या काळातल्या चांगल्या सनबर्स्टला काही लाख डॉलर पडतात.

तिथे उभं राहून बघायचं ते रंगाचं उडणं. तो लाल रंग उजेडात टिकत नसे. दुकानाच्या खिडकीत महिनोन्‌महिने टांगलेली गिटार लिंबासारखी पिवळी झाली, पलंगाखाली पेटीत राहिलेली अजून चेरीलाल आहे, आणि मधल्या सगळ्या मधासारख्या, चहासारख्या. एकाच वर्षाच्या दोन शेजारी उभ्या असल्या तर त्यांचं आयुष्य कुठे गेलं ते रंगावरून वाचता येतं. १९६० मध्ये टिकाऊ रंग आला, त्या शेवटच्या काही गिटारी टोमॅटोच्या सारासारख्या दिसतात. मला उडालेलाच आवडतो.

तिच्यातल्या पिकअपची कथा मुलाला ठाऊक असणारच. गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल उलटसुलट जोडून गुणगुण मारली, पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. मधल्या काळात तळाला "पेटंटसाठी अर्ज केला आहे" अशी चिठ्ठी डकवत, तिच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना पीएएफ म्हणतात. पुढे नंबराची चिठ्ठी आली तर तिच्यावर नंबर भलताच, लेस पॉलच्या टेलपीसच्या पेटंटचा! नकलाकारांना चकवायला केलं म्हणतात. पिकअपचं धातूचं झाकण डाग देऊन बंद असतं. ते उघडलं की किंमत उतरते, तेव्हा "आत कुठल्या रंगाची कॉइल आहे दाखवा" असं विचारू नका.

गिब्सनचं दुखणं म्हणजे मान. हेडस्टॉक सतरा अंशांनी मागे झुकलेला, महोगनीच्या एकाच तुकड्यातला, आणि नेमका त्याच जागी आतल्या सळईसाठी खड्डा केलेला. गिटार पाठीवर पडली की तिथेच मोडते. सरसाने नीट जोडली तर आवाजात फरक मला तरी कळत नाही, पण किंमत साधारण अर्ध्यावर येते. गिटार तिरपी धरून नटच्या (तारा हेडस्टॉककडे जाताना ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिच्या) मागच्या बाजूवर दिव्याचं प्रतिबिंब सरकवा. प्रतिबिंब जिथे अडखळतं तिथे जोड.

वागण्याचं थोडक्यात सांगतो. हात लावण्याआधी विचारा, मुलालाही शिकवा. पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन, घड्याळ, अंगठी काढून खिशात. नेक आणि बॉडी दोन्ही हातांनी धरून घ्या, तशीच परत द्या, टेबलाला टेकवून ठेवू नका. घ्यायचं नसेल तर "शेवटचा भाव काय?" विचारू नका, तो तिथे करार समजला जातो. त्यापेक्षा "ही तुमच्याकडे कशी आली?" विचारा. अर्धा तास गेलाच समजा. विक्रेता कुणाशी पैशांचं बोलत असेल तर दोन पावलं मागे. आणि तिथे काही घेऊन भारतात न्यायचा विचार पुढे कधी आलाच तर फ्रेटबोर्डचं लाकूड आधी विचारा. साठीच्या दशकातल्या बऱ्याच गिटारींवर ब्राझीलचं शिसव आहे आणि ते १९९२ पासून साइटिसच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. ब्राझीलचं शिसव दुर्मीळ झालं तेव्हा गिटारवाले वळले ते आपल्याकडच्या शिसवाकडे. आजीच्या घरातल्या देव्हाऱ्याचं लाकूड ते हेच.

रविवारी दुपारी तीननंतर पुन्हा एक चक्कर मारा. टेबलं आवरायला लागलेली असतात आणि खोक्यांमधून सुटे भाग बाहेर येतात. नॉब, खुंट्या, स्क्रू, टेलपीस, पाच-दहा डॉलरना. मुलाला त्यातलं काहीतरी जुनं घेऊन द्या. पिकगार्ड घेतलीत तर घरी डब्यात बंद करण्याआधी हुंगून बघा.